शंखपुष्पीचा अर्क आणि आकडी: उंदरांवरच्या चाचणीतून खरं काय कळतं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी एम.फार्म. करते आहे, विषय फार्माकॉलॉजी. प्रबंधासाठी शंखपुष्पीच्या इथेनॉलमध्ये काढलेल्या अर्काची अपस्मारविरोधी, म्हणजे आकडी रोखण्याची, चाचणी घ्यायची आहे. एमईएस (विजेच्या झटक्याने आणलेली फिट) आणि पीटीझेड (रसायनाने आणलेली फिट) ही दोन मॉडेल्स, २०० आणि ४०० मिग्रॅ/किग्रॅ असे दोन डोस, प्रत्येक गटात ६ उंदीर, असा आराखडा आहे. एवढं पुरेल का? शिवाय आमच्या नात्यातली एक मुलगी फिटसाठी फेनिटॉइन घेते. घरचे तिला सोबत शंखपुष्पी सिरपही देतात. त्याला हरकत नाही ना?"

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे एका मुलीच्या तब्येतीचा सवाल आहे. हरकत आहे. फेनिटॉइनबरोबर शंखपुष्पी सिरप बिनधोक चालतं असं गृहीत धरू नका. तिच्या डॉक्टरांना हे लगेच कळलं पाहिजे, आणि फेनिटॉइनचा एकही डोस चुकता कामा नये. पुढे काय करायचं ते शेवटी लिहिते. आधी हे कशावरून म्हणते ते सांगते, कारण तुमच्या प्रबंधाचा खरा विषय मला तिथेच दिसतो.

फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचं फिटवरचं नियंत्रण सुटल्याचं लक्षात आलं. दोघंही शंखपुष्पीचं आयुर्वेदिक सिरप घेत होते. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी मग या जोडीचा रॅटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांवर, अभ्यास केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आजही प्रत्येक फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. त्यात तीन गोष्टी दिसल्या. नुसत्या सिरपने फिटपासून संरक्षण मिळालं, प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, स्पष्ट जास्त. सिरपचा एकच डोस फेनिटॉइनबरोबर दिला तेव्हा रक्तातली फेनिटॉइनची पातळी बदलली नाही, पण त्याचा परिणाम घटला. आणि दोन्ही बरेच दिवस एकत्र दिल्यावर परिणामही घटला आणि रक्तातली पातळीही उतरली.

याच सिरपवर कुणी तुमच्या आराखड्याप्रमाणे काम केलं असतं, तर प्रबंधाचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "अपस्मारविरोधी गुण आढळला, म्हणून पारंपरिक वापराला दुजोरा मिळतो." ते वाक्य खोटं ठरलं नसतं. पण ते वाचून कुणी फेनिटॉइनच्या जोडीला सिरप सुरू केलं असतं, तर त्या माणसाच्या फिट वाढण्याची शक्यता होती. आपल्याकडे आकडी येणारा रुग्ण झाडपाल्याचं औषध बहुतेक वेळा गोळीच्या ऐवजी घेत नाही, गोळीच्या सोबत घेतो. मग चाचणीही तशीच व्हायला हवी. नुसता अर्क चालतो का, एवढ्यावर थांबणारे प्रबंध माझ्याकडे परीक्षणाला सतत येतात. त्यांतल्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण रुग्णाच्या उपयोगाचं त्यातून फार थोडं हाती लागतं.

आता आराखडा. पहिली अडचण झाडाचीच. शंखपुष्पी म्हणून बाजारात किमान तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्ल्युरिकॉलिस वापरतात. केरळात क्लिटोरिया टर्नाटिया, म्हणजे आपल्या कुंपणावरचा गोकर्ण. आपण जिला विष्णुक्रांता म्हणतो ती इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिसही याच नावाने विकली जाते. सुकवून चुरा केल्यावर नजरेने यांतला फरक ओळखणं अवघड असतं. म्हणून दुकानातून भुकटी आणू नका. फुलोऱ्यासकट झाड गोळा करा आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. अर्काचा एचपीटीएलसी आलेख (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारा) काढा आणि स्कोपोलेटिनसारख्या एखाद्या घटकाचं प्रमाण मोजून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी हाच प्रयोग केला आणि उत्तर वेगळं आलं, तर फरक झाडात होता की उंदरात हे शोधायला दुसरा मार्ग नसतो.

इथेनॉलबद्दल सावध राहा. अल्कोहोल स्वतःच फिट दाबतं. रोटरी इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे द्रावक उडवून लावणाऱ्या यंत्रावरून, काढलेला हिरवा, चिकट गोळा कोरडा दिसला तरी आत द्रावक उरलेला असू शकतो. वजन स्थिर होईपर्यंत कमी दाबाखाली वाळवा. मग ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये घोटून तोंडाने द्या, आणि कंट्रोल गटाला, म्हणजे अर्क न मिळणाऱ्या तुलनेच्या उंदरांना, तेच माध्यम तेवढ्याच आकारमानात द्या. कंट्रोलला नुसतं पाणी किंवा सलाइन देऊन भागवणारे प्रबंध अजून येतात. ते मान्य करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा आग्रह का, त्यासाठी व्हॅल्प्रोएटचा इतिहास पाहा. १९६२ साली फ्रान्समध्ये ग्रनोबलला पिएर एमार नावाचा तरुण संशोधक खेलिनपासून बनवलेल्या संयुगांवर काम करत होता. खेलिन हे अम्मी विस्नागा या वनस्पतीतून मिळतं. संयुगं पाण्यात विरघळेनात, म्हणून त्याने व्हॅल्प्रोइक ॲसिड द्रावक म्हणून वापरलं. ते १८८२ सालापासून रसायनशाळेत एक निरुपद्रवी द्रव म्हणून माहीत होतं. पीटीझेडच्या चाचणीत सगळी द्रावणं उत्तम चालली. मग खेलिनशी संबंध नसलेलं एक वेगळंच संयुग त्याच द्रवात विरघळवून पाहिलं, तर तेही तसंच चाललं. तेव्हा त्या लोकांनी नुसता द्रावक देऊन पाहिला, आणि गुण त्याचाच निघाला. १९६३ साली हे प्रसिद्ध झालं आणि आज व्हॅल्प्रोएट जगभर वापरलं जातं. त्यांनी द्रावक वेगळा तपासला नसता तर श्रेय खेलिनला गेलं असतं, आणि पुढे दुसऱ्या द्रावकात ते का चालत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले असते.

मॉडेल्सकडे येऊ. एमईएस, म्हणजे विजेचा झटका देऊन आणलेली फिट. छोट्या उंदराच्या डोळ्यांत भुलीचा थेंब आणि सलाइन टाकून कॉर्नियावर इलेक्ट्रोड टेकवतात, ५० मिलिॲम्पिअर, ०.२ सेकंद. रॅटला १५० मिलिॲम्पिअर. झटक्याबरोबर पुढचे पाय आखडतात, आणि लगेच मागचे पाय शरीराच्या रेषेत सरळ मागे ताणले जातात, काटकीसारखे ताठ. मागच्या पायांचा हा ताण आला की नाही, एवढंच इथे पाहायचं असतं. धडाशी ९० अंशांपलीकडे पाय गेले तर ताण आला, नाही गेले तर संरक्षण मिळालं. मेरिट आणि पटनम यांनी बॉस्टनमध्ये मांजरांवर विजेच्या फिटची अशीच चाचणी लावली आणि १९३८ साली फेनिटॉइन रुग्णांपर्यंत आणलं. म्हणून या चाचणीत मज्जापेशींतली सोडियमची वाट (सोडियम चॅनेल) अडवणारी औषधं, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिनची जातकुळी, हमखास पकडली जाते.

पीटीझेडची कथा कापराशी जोडलेली आहे. १९३४ मध्ये बुडापेस्टला मेडुना या मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम फिट आणण्यासाठी कापराची इंजेक्शनं दिली. कापूर बेभरवशाचा, म्हणून तो पेंटिलीनटेट्राझोलकडे वळला. तेच आपलं पीटीझेड. ते मेंदूतल्या गाबा-ए या शांत करणाऱ्या रिसेप्टरच्या क्लोराइड वाटेला अडवतं आणि मेंदूचा आवर घालणारा संदेश कमी पडतो. उंदराला साधारण ८५ मिग्रॅ/किग्रॅ कातडीखाली देऊन ३० मिनिटं नजर ठेवायची. इथोसक्सिमाइड हे फिटवरचं दुसरं औषध इथे चालतं पण एमईएसमध्ये नाही. फेनिटॉइनचं अगदी उलट. म्हणून एमईएसला फेनिटॉइन आणि पीटीझेडला डायझेपाम किंवा व्हॅल्प्रोएट, असं तुलनेसाठीचं स्टँडर्ड औषध वेगवेगळं ठेवा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हे वाक्य मला फार अस्वस्थ करतं. प्रयोगशाळेत फिट आणायला आपण जी रसायनं वापरतो ती किती वनस्पतींची आहेत पाहा. पिक्रोटॉक्सिन काकमारीच्या फळातलं, स्ट्रिक्निन काजऱ्याच्या बीमधलं, पायलोकार्पिन ब्राझीलच्या जाबोरांडीच्या पानांतलं. कापराने आणि निलगिरी तेलाने फिट आल्याची उदाहरणं आपल्या देशात डॉक्टरांनी नोंदवली आहेत, लहान मुलांतही. वेखंडाच्या तेलातल्या बीटा-असॅरोनने उंदरांत गाठी झाल्या आहेत. झाडात औषध असतं हे जितकं खरं, तितकंच झाडात विष असतं हेही खरं, आणि कधी कधी दोन्ही एकाच पानात असतात.

दोन्ही मॉडेल्स ठेवा, पण तेवढ्यावर निष्कर्ष बांधू नका. लेव्हेटिरासिटाम या आजच्या खूप वापरल्या जाणाऱ्या औषधाला नेहमीच्या एमईएस आणि पीटीझेड या दोन्ही चाचण्यांत यश नव्हतं. ते किंडलिंग केलेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा हलके झटके देऊन फिटप्रवण केलेल्या, प्राण्यांत आणि ६ हर्ट्झच्या चाचणीत दिसलं. तुमच्या कॉलेजच्या यंत्रात कमी वारंवारतेची सोय असेल तर ६ हर्ट्झ, ३२ मिलिॲम्पिअर, ३ सेकंद ही चाचणी जोडा. फिट येणाऱ्या साधारण एक तृतीयांश लोकांना उपलब्ध गोळ्या पुरेशा पडत नाहीत. फेनिटॉइनसारखं आणखी एक काहीतरी सापडून त्यांचं काम भागणार नाही.

संरक्षण दिसलं की पहिली शंका गुंगीची घ्या. झोपाळलेला उंदीर पीटीझेडमध्ये कमी झटके देतो. अंग गार पडलेलाही कमी देतो. म्हणून ज्या डोसला संरक्षण मिळतं त्याच डोसला, त्याच वेळी रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर) उंदीर मिनिटभर तोल सांभाळतो का हे पाहा आणि गुदाशयाचं तापमान मोजा. शंखपुष्पी शामक म्हणूनच प्रसिद्ध आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही तपासणी टाळताच येणार नाही. चार तरी डोस घेऊन अर्ध्या उंदरांना वाचवणारा डोस आणि अर्ध्या उंदरांचा तोल घालवणारा डोस काढा. या दोहोंतलं अंतरच औषधाची खरी किंमत सांगतं. २०० आणि ४०० या दोन आकड्यांतून ते निघणार नाही.

शिवाय ४०० म्हणजे माणसासाठी किती, हा हिशेब एकदा कागदावर मांडा. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण १२.३ ने भागतात. ४०० भागिले १२.३ म्हणजे सुमारे ३२.५ मिग्रॅ/किग्रॅ. ६० किलोच्या माणसाला जवळजवळ २ ग्रॅम कोरडा अर्क. भुकटीतून १० टक्के अर्क निघत असेल तर रोजची २० ग्रॅम भुकटी, तीही कायम. ४०० ला जेमतेम परिणाम दिसला तर तो माणसापर्यंत पोचणं कठीण आहे, हे प्रबंधात मोकळेपणाने लिहावं.

पोटात इंजेक्शन देण्याचा मोह टाळा. टॅनिन भरलेला कच्चा अर्क पोटाच्या पडद्याला जाळतो, उंदीर दुखण्याने निपचित होतो आणि त्या निपचित पडण्यालाच संरक्षण समजलं जातं. त्यातून पीटीझेडही पोटातच दिलं असेल तर दोन्ही तिथेच मिसळतात.

गटात ६ उंदीर ही संख्या आपल्या प्रबंधांत इतकी रुळली आहे की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. कंट्रोलमध्ये ६ पैकी एकही वाचला नाही आणि अर्काच्या गटात ४ वाचले, तर तुम्ही आनंदाल. फिशरची अचूक कसोटी लावा: पी, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, येतो ०.०६, आणि मान्यतेसाठी तो ०.०५ हून कमी लागतो. म्हणजे तीनांतले दोन उंदीर वाचवणारा अर्कही ६ च्या गटात सिद्ध होत नाही. ५ वाचले तरच ०.०१५ येतो. मग विद्यार्थी काय करतात, तर "वाचला की नाही" सोडून "ताण किती सेकंद टिकला" याची सरासरी काढतात आणि तक्त्यात "फरक सिद्ध" दाखवणारी तारका मिळवतात. ताणाचा काळ १४ सेकंदांवरून ११ वर आला तर उंदराला फिट आलेलीच असते. गटात १० ते १२ घ्या, आणि ही संख्या का हवी याचं गणित नैतिक समितीच्या अर्जात मांडा. कमी प्राणी वापरणं चांगलंच, पण ज्यातून उत्तरच निघणार नाही अशा प्रयोगात ६ प्राणी खर्ची घालणं हे त्यांच्या बाबतीत जास्त वाईट. पीटीझेडनंतर झटके न थांबणाऱ्या उंदराला मरेपर्यंत पाहत बसायचं नाही. प्रयोग कुठे थांबवायचा ते आधी लिहून ठेवा.

कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने ठरवा. निरीक्षकाला गट माहीत नसावा. अर्क हिरवा असल्याने ते जमत नाही असं मुलं सांगतात. जमतं. डोस एकाने द्यावा, पिंजऱ्यावर फक्त सांकेतिक क्रमांक असावा, दुसऱ्याने झटका द्यावा, आणि सगळं मोबाइलवर चित्रित करून तिसऱ्याने नोंदी घ्याव्यात. पाय "थोडा ताणला" असं दिसतं तेव्हा आपल्याला हवं तेच आपण लिहितो. माणसाच्या डोळ्याचा हा स्वभाव आहे.

आता माझी मुख्य सूचना. प्रबंधाचा निम्मा भाग फेनिटॉइनबरोबरच्या जोडीला द्या. एमईएसमध्ये साधारण निम्म्या प्राण्यांना वाचवेल इतकंच फेनिटॉइन घ्या. पूर्ण डोस घेतला तर सगळेच वाचतील आणि बिघाड दिसणार नाही. चार गट करा: नुसतं माध्यम, नुसता अर्क, नुसतं फेनिटॉइन, आणि दोन्ही. एकदा एकाच डोसनंतर पाहा, एकदा रोज डोस देऊन दोन आठवड्यांनी. या भागासाठी रॅट सोयीचे, कारण रक्त पुरेसं मिळतं. एचपीएलसी या द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर फेनिटॉइनची पातळी मोजा. १९९२ च्या अभ्यासात मिश्र सिरप होतं, त्यात शंखपुष्पीबरोबर मंडूकपर्णी, जटामांसी अशा इतर वनस्पतीही होत्या. दोष त्यांतल्या कोणाचा, की एकत्र मिश्रणाचा, हे ओळख पटवलेल्या एकट्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसवर तुम्ही पाहू शकाल. उत्तर कोणत्याही बाजूने आलं तरी ते कामाचं असेल. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत: मिरी-पिंपळीतल्या पायपरिनने फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढते. फेनिटॉइनचा स्वभाव असा की यकृताची क्षमता भरत आली की डोसमधल्या किंवा निचऱ्यातल्या लहानशा बदलाने पातळी मोठी उडी घेते. म्हणून घट असो वा वाढ, दोन्ही धोक्याचे.

वनस्पतीतून अपस्माराचं औषध येऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. भांगेच्या झाडातल्या कॅनाबिडायॉलला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. ड्रॅव्हे सिंड्रोम या बालवयातल्या गंभीर अपस्माराच्या १२० मुलामुलींच्या २०१७ च्या चाचणीत औषध मिळालेल्या गटात मोठ्या फिटची महिन्याची मध्यक (मधली) संख्या १२.४ वरून ५.९ वर आली, प्लासिबोत १४.९ वरून १४.१. पण तिथे झाडाचा अर्क नव्हता. शुद्ध केलेलं एकच द्रव्य होतं, वजनाप्रमाणे ठरलेला डोस होता. क्लोबाझाम या फिटवरच्या दुसऱ्या औषधाबरोबर ते दिलं की क्लोबाझामपासून शरीरात बनणाऱ्या सक्रिय द्रव्याची पातळी चढते हेही वेळेवर लक्षात आलं, कारण लोकांनी मोजून पाहिलं. हळदीच्या तेलातल्या टर्मेरोनसारख्या द्रव्यांवर बेल्जियममधल्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांवर आणि मग उंदरांवर काम केलं आहे. त्यात अर्कातला नेमका कोणता अंश काम करतो हे टप्प्याटप्प्याने वेगळं काढता आलं. पिल्लं काही मिलिमीटरची असतात, बशीतल्या प्रत्येक खळग्यात एक, त्यामुळे चिमूटभर अर्क पुरतो. तुमच्या विद्यापीठात झेब्राफिशची सोय असेल तर अर्काचे अंश पाडून आधी तिथे चाळा आणि सर्वात चांगला अंशच उंदरापर्यंत न्या.

आता ती मुलगी. घरच्यांना ओरडू नका. त्यांनी ते सिरप प्रेमाने आणि अभ्यासात लक्ष लागावं म्हणून सुरू केलं असेल. सिरपची बाटली, ते कधीपासून आणि किती देतात, आणि त्यानंतर किती फिट आल्या याची तारखांची यादी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. सकाळच्या डोसआधी रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासून घ्यावी. सर्वसाधारण मर्यादा १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पातळी नीट आली तरी सिरपबद्दल निश्चिंत होऊ नये, कारण एका डोसच्या प्रयोगात पातळी न हलताही परिणाम घटला होता. सिरप डॉक्टरांना सांगूनच बंद करावं. ते चालू असताना फिट वाढल्या म्हणून फेनिटॉइनचा डोस मध्यंतरी वाढवला गेला असेल, तर सिरप थांबल्यावर पातळी वर चढू शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावं. त्या काळात तिचा तोल जातो का, डोळ्यांची बुबुळं थरथरतात का, बोलणं जड होतं का, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं.